इमॅजिकाला पहिल्यांदाच जाताना

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाच्या सहलीसाठी तुम्ही तासातासाचे वेळापत्रक आखून मला पाठवले आहे, ते कौतुकास्पद असले तरी पहिल्या खेपेस तीनच गोष्टी नीट सांभाळल्यात तर पुरे.

पहिली गोष्ट तारखेची. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या टाळून मधला वार निवडा, तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि थीम पार्क व वॉटर पार्क यांची तिकिटे वेगळी असतात हे लक्षात घेऊन एका दिवसात एकच करा. दोन्ही उरकण्याच्या नादात दोन्ही अर्धवट राहतात.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, मुलांच्या उंचीची. बऱ्याच राइडना किमान उंचीची अट असते, तेव्हा निघण्यापूर्वी मुलाला घरीच अनवाणी भिंतीला उभे करून सेंटिमीटरमध्ये मोजा आणि ‘नायट्रो’ या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसता येईल की नाही ते घरीच सांगून टाका. एका उद्यानात पाऊण तास रांगेत राहिल्यावर माझा भाचा मोजपट्टीखाली टाचा उंचावून उभा राहिला होता. पुढचा तास त्याची समजूत घालण्यात गेला. (त्याला आम्ही आजही ‘टाचावाला’ म्हणतो.)

तिसरी पायांची. नवे बूट किंवा सैल चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. ‘राजासॉरस’ या पाण्यातल्या राइडमध्ये मोजे भिजले की दिवसभर पाय चिकचिकतात.

दारे उघडण्याआधी पोहोचा आणि मोठी राइड जेवणापूर्वी करा. बाकीचे बारकावे दुसऱ्या खेपेला सांगेन.