आईवडील गेलेली दोन मुलं आजीकडे आहेत, गावाने काय करावं?

पहिलं म्हणजे वर्गणी काढून, फोटो टाकून मोकळं होऊ नका. वर्गणी दोन महिन्यांत संपते, फोटो मात्र त्या पोरांच्या मागे लागतो.

महाराष्ट्रात असाल तर बालसंगोपन योजना बघा. आश्रमात न पाठवता घरीच सांभाळण्यासाठी मुलामागे महिना 2,250 रुपये, वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, आदेश बालकल्याण समिती देते. आजी अडते ती इथेच: दोघांचे मृत्यू दाखले, आधार, बोनाफाईड, बँक खातं. तालुक्याच्या चार खेपा तिला कशा झेपणार? गावातल्या एखाद्या धडधाकट माणसाने हे काम अंगावर घ्यावं. माझ्या मते सगळ्यात मोठी मदत हीच.

अनाथ प्रमाणपत्राचंही विचारून ठेवा. त्यावर शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे.

वडिलांची जमीन असेल तर वारस नोंदीत मुलांची नावं लागली का, हे तलाठ्याकडे जाऊन स्वतः पाहा. काका-मामा चांगले असले तरी पाहाच.

मारहाण, बालविवाह, कामाला जुंपणं असलं काही दिसलं तर 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा. तो फुकट लागतो.