नातीला मल्लखांबाला घालू का?

प्रश्न : ताई, मी मूळचा सोलापूरचा, आता मुलाकडे दादरला असतो. शिवाजी पार्कला दोरीवर चढणारी मुलं पाहून आठ वर्षांच्या नातीनं हट्टच धरलाय. सून म्हणते, त्यापेक्षा चांगल्या क्लबात पोहायला घालू. मल्लखांब शिकवणारी ही व्यायाम मंदिरं निघाली कशासाठी? आणि मुलीला हे झेपेल का?
– एक आजोबा

उत्तर : काका, शेवटचं आधी सांगते. झेपतं. मी नऊ वर्षांची असताना गावच्या व्यायामशाळेत दोर धरला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात तो पकडायचा असतो. पहिले पंधरा दिवस तिथली कातडी सोलवटून निघाली. आई रात्री खोबरेल लावायची आणि म्हणायची, उद्या नको जाऊस. मी जायचेच. महिन्याभरात घट्टा पडला आणि एका संध्याकाळी वर पोचले, तर कौलांपलीकडची नदी दिसली. पुढे तीस वर्षं मुलींना शिकवलं ते त्या संध्याकाळीमुळे.

शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर काळे गुरुजींनी १९२५ साली सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं होतं आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४चं, वैद्य बंधूंचं. पारतंत्र्याचे दिवस होते. पोरांची शरीरं घडली तर मनं ताठ राहतील, अशी त्या माणसांची श्रद्धा होती. अमरावतीकर १९३६ला बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आले.

मल्लखांब त्याहून जुना. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं. लाकडी खांबाला एरंडेल चोळतात. दुसरा प्रकार दोरीवरचा, त्यात दोरीच्या जागी पूर्वी वेत असे. चांगला वेत मिळेनासा झाला, तेव्हा दोर आला.

समर्थच्या उदय देशपांडे सरांबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी अंध मुलांना मल्लखांब शिकवला. विचार करा काका, समोर करून दाखवता येत नाही! प्रत्येक पकड हाताला हात लावून, शब्दांनी समजवायची. २०१९च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कलाच झाली, १५ देशांचे खेळाडू आले. सरांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या अंध मुलांत दिसतं. जे मूल येईल त्याला खेळता यावं, यासाठीच ही मंदिरं आहेत.

पोहणं वाईट नाही, सूनबाईंना तसं जरूर सांगा. फक्त नाव घालण्याआधी चार संध्याकाळी नातीला घेऊन मैदानाच्या कडेला बसा. खाली गादी आहे का, पोर वर असताना शिकवणारा दोराजवळ उभा असतो का, घाबरलेल्या मुलीशी तो कसा बोलतो, हे बघा. पटलं तर पाठवा. नखं कापलेली हवीत, अंगठी-बांगडी नको, आणि निघताना हातापायाला तेल मुळीच लावू नका, दोर निसटतो. खोबरेल रात्रीसाठी राखून ठेवा.