म्युच्युअल फंडाच्या ॲपमध्ये एकूण परतावा ६.२५% आणि एक्सआयआरआर ११.७% दिसतो. यातला खरा कोणता?

दोन्ही खरे आहेत भाऊ, फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत. तुम्ही लिहिलंय की दर महिन्याला २,००० ची एसआयपी (म्हणजे फंडात ठरलेला मासिक हप्ता), १२ हप्ते झाले, २४,००० चे २५,५०० झाले. वाढ १,५००, म्हणजे ६.२५%. हा एकूण परतावा. त्यात वेळेचा हिशेबच नाही.

पण तुमचे २४,००० वर्षभर तिथे नव्हते. पहिला हप्ता १२ महिने राबला, शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर पैसा साडेसहा महिनेच कामावर होता. एक्सआयआरआर प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वार्षिक दर काढतो, म्हणून तो ११.७% येतो. पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना करायची तर याच आकड्याशी करा.

मात्र वर्ष व्हायच्या आत एक्सआयआरआरवर जाऊ नका. समजा कापसाचा चुकारा आला, ५०,००० एकरकमी टाकले आणि महिन्याने ५१,००० झाले. कमाई फक्त २%, पण ॲप दाखवेल सुमारे २७%! पुढचे अकरा महिने असेच जातील असं ते गृहीत धरतं. गावात हाच आकडा दाखवून कोणी योजना विकत असेल तर पैसे कोणत्या तारखेला टाकले होते ते आधी विचारा.

ॲपमधला 'आजचा बदल', म्हणजे एका दिवसाची चढउतार, तर बघूच नका. आणि हो, फंड विकल्यावर नफ्यावर लागणारा कर सहसा या आकड्यांत धरलेला नसतो.