हळद्याचा पिवळा जळतो कशामुळे?

प्रश्न : हळद्या अगदी समोरच्या फांदीवर बसला होता, ऊन छान होतं, फोकसही बरोबर. घरी येऊन बघते तर अंगावर नुसता पिवळा डाग, एकही पीस दिसत नाही. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, तर व्यवस्थित होता. मग चुकलं कुठे?

उत्तर : हिस्टोग्रामनेच फसवलं तुम्हाला. आपण नेहमी बघतो तो पांढरा हिस्टोग्राम म्हणजे तिन्ही रंगांचा मिळून एकच आलेख. हळद्यावर ऊन पडलं की लाल आणि हिरवा चॅनल (कॅमेरा प्रत्येक रंगाची वेगळी नोंद ठेवतो ती) वरपर्यंत भरतात आणि निळा जवळजवळ रिकामा राहतो, आणि त्यातला लाल काठाबाहेर गेला तरी एकत्र आलेखात ते कळतच नाही. लालभडक पक्ष्याच्या बाबतीत तर हे आणखी फसवं, कारण त्या आलेखात लालचा वाटा हिरव्यापेक्षा बराच कमी धरलेला असतो. म्हणून मेन्यूत जाऊन आरजीबी (लाल, हिरवा, निळा) हिस्टोग्राम चालू करा, तीन रंगांचे तीन आलेख वेगवेगळे दिसतात, त्यातला एकही उजव्या भिंतीला चिकटायला नको.

दुसरं कारण मागच्या पानांचं. गर्द सावलीतली पानं मागे असली की कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं सगळं अंधारलेलं आहे, तो एक्स्पोजर (आत घेतला जाणारा उजेड) वाढवतो आणि फ्रेममध्ये एवढासा असलेला पक्षी जळतो. तोच पक्षी उडून आकाशासमोर बसला की उलटं, काळा पडतो. मी तर उन्हात सरळ मॅन्युअलवर जाते, म्हणजे सेटिंग स्वतः ठरवते, उजेड तोच आहे तर सेटिंगही तेच, मग मागे पान असो की आकाश, काही फरक पडत नाही. मॅन्युअल जमत नसेल तर गर्द पानांसमोर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा उजेड कमीजास्त करायची सोय) उणे ०.७ पासून सुरू करा, एक फोटो काढून आलेख बघा आणि मग कमीजास्त करा. आणि शूट रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) करा प्लीज, जेपेगमध्ये जळलेलं पीस परत येत नाही, रॉमध्ये थोडं तरी हाताला लागतं. कॅमेऱ्यातली ती ‘व्हिव्हिड’ स्टाइलपण बंद करा, पक्षी मुळातच एवढा रंगीत आहे, त्यावर अजून रंग कशाला चढवायचा?

प्रश्न : शिंजीर नर एका फोटोत जांभळा-हिरवा चमकतो आणि पुढच्याच फोटोत कोळशासारखा काळा. लेन्स खराब आहे का?

उत्तर : नाही हो, लेन्सला काही झालेलं नाही. ती चमक रंगद्रव्याची नाहीच, पिसांच्या बारीक तंतूंमध्ये मेलॅनिनचे सूक्ष्म थर असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश ठरावीक कोनातच चमकतो, मान जराशी वळली की संपलं. त्यामुळे सूर्य आपल्या पाठीशी घ्यायचा, इतका की आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडायला हवी, आणि तो मान हलवत असताना बर्स्ट मारायचा, म्हणजे पटापट सलग फोटो काढायचे. दहातल्या एखाद्या फ्रेमला ती चमक मिळते आणि ती एक फ्रेम बघून काय आनंद होतो म्हणून सांगू!

खंड्याचा निळा मात्र वेगळा. तिथेही निळं रंगद्रव्य नाही, पण पिसात स्पंजसारखी पोकळ्यांची रचना असते, ती निळा प्रकाश बऱ्याच दिशांना परतवते, म्हणून ढगाळ दिवशीही खंड्या निळाच दिसतो. उजेड पक्ष्याच्या मागून आला की मात्र तो निळा मरतो.

प्रश्न : सगळे म्हणतात संध्याकाळचं सोनेरी ऊन बेस्ट, पण त्यात माझा खंड्या मळकट का येतो?

उत्तर : सूर्य खाली असताना त्याचा प्रकाश हवेतून लांबचा प्रवास करून येतो आणि वाटेत निळा भाग बराचसा विखरून जातो. निळा उजेड पोचलाच कमी तर पीस परत काय देणार? पिवळ्या, तपकिरी पक्ष्यांना ते ऊन खुलतं, निळ्यांसाठी सूर्य जरा वर चढू द्या किंवा पातळ ढगाची वाट बघा. झाडाखाली असाल तर पानांतून हिरवट झाक येते, ती घरी खंड्याच्या पांढऱ्या छातीवरून व्हाइट बॅलन्स घेऊन, म्हणजे ती छाती पांढरी दिसेल असे रंग जुळवून, काढता येते.

प्रश्न : पक्षी जवळ येत नाही. मोबाइलवर त्याचा आवाज लावला तर चालेल का?

उत्तर : नको, अजिबात नको. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, मग खाणं सोडून तो भांडायला येतो, विणीच्या दिवसांत घरट्याकडे दुर्लक्ष होतं. घरट्याजवळपण थांबू नका. खंड्या, वेडा राघू हे शिकार करून बहुतेक वेळा त्याच काठीवर, त्याच तारेवर परत येतात. अर्धा तास नुसतं लांबून बघा, काठी कळली की ऊन पाठीशी येईल अशी जागा धरून बसा, शटर १/२००० सेकंदाला ठेवा म्हणजे उडाला तरी पंख सापडतील.