पोरगी विचारते, सूर्य रोज का येत नाही?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाच वर्षांची आहे, सीनियर केजीला. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, मी नोकरीला जाते त्यामुळं ती दिवसभर आज्जीजवळ असते आणि मी संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधीच तिचं सुरू होतं, मुंग्या कधी झोपतात, म्हशीला शिंगं दुखतात का, एक ना दोन. नोव्हेंबरच्या किरणोत्सवाला, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या अंगावर पडतात तेव्हा, तिला अंबाबाईच्या देवळात नेलं होतं. स्क्रीनवर बघत सगळे हात जोडून उभे, आणि ही मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, सूर्य आज देवीच्या पाया पडला, मग रोज का नाही येत?" सासूबाई म्हणाल्या देवाचं असलं काय विचारू नये, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. तेव्हापासून रोज तेच चाललंय. तिला गप्प बसवायचं नाही मला, पण सगळ्याची उत्तरं आणू कुठून? रात्री लाईट घालवली की परत प्रश्न, झोपायला अकरा वाजतात.

उत्तर : अहो ताई, किती भारी प्रश्न विचारलाय पोरीनं! मोठी माणसं वर्षानुवर्षं किरणोत्सव बघतात आणि नमस्कार करून घरी येतात, हिनं पाचव्या वर्षी नेमकं तेच धरलं जे धरायला पाहिजे.

देवीचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून मावळतीची किरणं महाद्वारातून आत गाभाऱ्यापर्यंत जातात. पण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही ना, पावसाळा संपला की तो डावीकडं म्हणजे दक्षिणेला सरकत सरकत जातो, २१ डिसेंबरच्या आसपास टोक गाठतो आणि परत फिरतो. मग जाताना एकदा दाराच्या सरळ रेषेत येतो ते ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि येताना परत एकदा, ते ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. कॅलेंडर घ्या आणि २१ डिसेंबरपासून दोन्हीकडं मोजा, अलीकडं पलीकडं साधारण ४१-४२ दिवस भरतात. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी हे आभाळ किती बारकाईनं बघितलं असेल, मला तर दरवेळी अंगावर काटा येतो.

आता हे सगळं तिला सांगत बसू नका, दाखवा. खोलीत अंधार करा, आत भिंतीपाशी तिची बाहुली उभी करा, दार थोडंसंच उघडं ठेवा आणि तुम्ही बाहेरून बॅटरी घेऊन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चालत जा. दारासमोर आलात की बाहुलीवर उजेड, पुढं गेलात की अंधार. मग दारावर वरून अर्ध्यापर्यंत चादर सोडा, म्हणजे ती देवळाच्या दाराची वरची चौकट झाली, आणि समोरच थांबून बॅटरी डोक्याच्या वर धरा, उजेड बाहुलीच्या पायाच्या अलीकडंच जमिनीवर पडेल, आणि हात हळूहळू खाली आणला की तो पायावरून वर तोंडापर्यंत चढतो. सूर्य खाली चालला की किरण वर चढतात ते असं. हे एकदा तिच्या हातात बॅटरी देऊन करा, "आता मी करतो, मी करतो" म्हणून सोडणार नाही ती.

आणि रविवारी संध्याकाळी रंकाळा तलावावर जाता तेव्हा चौपाटीवर दरवेळी एकाच जागी उभं राहा. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड किंवा इमारत खुणेला धरा, सूर्य तांबडा होऊन अगदी टेकला की तेवढ्यापुरतं बघायचं (आधी डोळे लावायचे नाहीत, हे तिला बजावा) आणि घरी येऊन वहीत चित्र काढायचं. डिसेंबरअखेर तो थांबल्यासारखा वाटेल, जानेवारीत उजवीकडं निघालेला तिला स्वतःला दिसेल, आणि ३१ तारखेला देवळात जाल तेव्हा आज्जीला तीच सांगेल काय होणार आहे ते. ढग किंवा धुरकं असलं तर किरणं पोचत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवा नाहीतर रडारड.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद नको. त्यांनी आयुष्यभर किरणोत्सव बघितलाय, पहिल्या दिवशी किरण कुठवर, दुसऱ्या दिवशी कुठवर, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. पोरीला म्हणावं आज्जीला विचार. विचारल्यावर त्या सांगतील, आणि दुपारचे दोन-चार प्रश्न त्यांच्याकडं आपसूक जातील. भक्तीला ह्यात कुठंच धक्का लागत नाही, माझा स्वतःचा नमस्कार तरी हे कळल्यावर जास्त मनापासून झाला.

बाकी मुंग्यांचं वगैरे, माहीत नसेल तर "मला पण माहीत नाही, बघूया" एवढं सरळ म्हणा आणि खरंच बघा, एखादा प्रश्न राहिला तर राहू दे. लगेच मोबाईल काढून उत्तर शोधू नका, तुम्हाला उत्तर मिळतं पण तिचं बघणं तिथंच थांबतं.

रात्रीचं मात्र आवरा. ह्या वयाला १० ते १३ तास झोप लागते, अकरा म्हणजे फारच उशीर. मला वाटतं दिवसभर आई नसते म्हणून प्रश्न हे तुम्हाला धरून ठेवायचं साधन झालंय तिचं. घरी आल्यावर आधी अर्धा तास तिच्याजवळ बसा, कुकर नंतर लावा, सासूबाईंना तेवढं सांगून ठेवा. अंथरुणावर एकच प्रश्न घ्यायचा, बाकीचे सकाळी वेणी घालताना, आणि सकाळी ती विसरली तरी तुम्ही आठवणीनं काढा, म्हणजे दुसऱ्या रात्री ती ऐकेल.