‘खूप विचार करतो, करत मात्र काहीच नाही’: एका विचारवंताची केस

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतोच. कधी आई विचारते, कधी मोठी बहीण, आणि हल्ली तर पोरं स्वतःच येऊन सांगतात, मॅडम मी सारखा विचार करतो, समाजाचा, शिक्षणाचा, आपल्याला धड नेते का मिळत नाहीत याचा, रात्री दोन-दोन वाजतात, पण हातून काहीच होत नाही, मला काही झालंय का? म्हणून गेल्या पावसाळ्यातली एक केस सांगते. मुलाला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि नाव तर देतच नाही. घरी त्याची बहीण त्याला ‘विचारवंत’ म्हणून चिडवायची, आपणही तेच म्हणू.

डिचोली तालुक्यातला मुलगा, वय 22, ताळगावच्या पठारावर युनिव्हर्सिटीत एमए करतोय, रोज पणजीला उतरायचं, तिथून दुसरी बस पकडायची, म्हणजे दिवसाचे तीन तास तर बसमध्येच जातात आणि तेवढ्यात माणूस दुसरं करणार काय, विचारच करणार. आई घेऊन आली होती. आधी ती एकटीच आत आली, दार नीट लागलंय का बघितलं आणि हळूच म्हणाली, “ह्याला बांबोळीला न्यावं लागेल का हो?” गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, बांबोळीला मोठं सरकारी हॉस्पिटल आहे आणि मानसोपचाराची इन्स्टिट्यूटही तिथेच, त्यामुळे ‘बांबोळीला नेणं’ हा आमच्याकडे दार लावून बोलायचा विषय. खरं तर ताप आला तर डॉक्टरकडे जातोच ना, तसंच ते. पण असो. मी म्हटलं, वहिनी, आधी त्याला भेटू तर दे मला.

पहिल्या भेटीत मी नेहमी तेच बघते. झोप कशी आहे, जेवण कसं, आधी आवडायच्या त्या गोष्टी आता आवडतात का, गेल्या 2 आठवड्यांत किती दिवस अगदी उदास वाटलं, मरणाचे विचार येतात का. हे शेवटचं सरळ विचारायचं, विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. ह्यात गडबड दिसली तर मी एकटी बसत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. आणि रात्री-अपरात्री कुणाला बोलायचंच असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. विचारवंताचं तसं काही नव्हतं. झोप उशिरा लागायची पण लागायची, जेवण व्यवस्थित, गावच्या भजनात पखवाज वाजवणं चालू होतं. अभ्यास मात्र ठप्प.

मग त्याने डायरी काढली. जाड, लाल कव्हराची, 2018 सालची. मला वाटलं जुन्या बाजारातून घेतली असेल, मी काही विचारलं नाही, आणि इथे माझं चुकलं ते पुढे सांगते.

डायरीत काय होतं? बारीक अक्षरात पानंच्या पानं. समाज स्वतःच्या घराचा नंबर अडकला की ग्रामसभेला येतो, एरवी खुर्च्या रिकाम्या. शिक्षण माणसाला फॉर्म भरायला शिकवतं, प्रश्न विचारायला नाही. 1978-79च्या सुमाराला गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसचं अर्धं तिकीट भांडून मिळवलं, आणि आम्ही काय केलं तर स्टेटस ठेवलं. हे असं. खोटं सांगत नाही, मी वाचता वाचता दोनदा मान डोलावली. पोरगा हुशार होता आणि निरीक्षण पक्कं होतं. पाचवीबद्दल लिहिलेलं एक पान तर माझ्या अजून डोक्यात आहे. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत (भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावागावांत शाळा उघडल्या त्यातलीच एक, आजोबाही तिथेच शिकलेले) हा नाटकात शिवाजी व्हायचा, वर्गात पहिला हात ह्याचा. पाचवीत हायस्कूलला गेला आणि सगळे विषय एकदम इंग्रजीत. उत्तर यायचं पण वाक्य जुळेपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून मोकळा व्हायचा. दिवाळीपर्यंत ह्याचा हात वर जायचाच बंद झाला. गोव्यात हे किती पोरांचं झालंय त्याची गणतीच नाही, आम्ही प्राथमिकच्या माध्यमावरून वर्षानुवर्षं भांडतो आणि पाचवीच्या त्या जून महिन्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. हे माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या.

तर विचार करणं हा आजार नाही, हे मी त्याला आणि आईला दोघांनाही सांगितलं. फक्त गुरं जसं रवंथ करतात तसं डोक्याचंही होतं. गाय निदान रवंथ करून दूध तरी देते. आपण तेच तेच चघळतो, चव जाते, पोट भरत नाही आणि उठवतही नाही. विचार पुढे सरकतोय की नुसता घोळतोय हे ओळखायचं तर आजचं पान आणि महिन्यापूर्वीचं पान शेजारी ठेवून बघायचं. त्याने ठेवलं. तारीख सोडली तर दोन्ही पानं सारखीच होती.

आता माझी चूक. मी म्हटलं, एवढं नेतृत्वावर लिहितोस ना, मग वर्गात सीआरसाठी, म्हणजे वर्गप्रतिनिधी म्हणून, उभा राहा. मला तेव्हा ते फार प्रॅक्टिकल वगैरे वाटलं होतं. तो लगेच मला विद्यार्थी निवडणुकांसाठीचे लिंगडोह समितीचे नियम सांगायला लागला, उमेदवाराने 5,000 रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, हजेरी 75 टक्के पाहिजे, मी म्हटलं अरे बाबा ते कौन्सिलच्या निवडणुकीचं, तुला तर फक्त वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचंय. तो गेला, नाव दिलं, भाषण पाठ केलं. उभा राहिला आणि ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे एक अक्षर फुटेना. कुणी हसलं नाही म्हणे, आणि तेच त्याला जास्त लागलं. बाईंनी “इट्स ओके” म्हणून खाली बसवलं. त्यानंतर तीन आठवडे माझ्याकडे फिरकलाच नाही. फोन लावला तर आई म्हणायची, बसलाय लिहीत.

मला खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पाचवीत ज्याचा हात खाली गेला त्याला मी डायरेक्ट स्टेजवर उभा केला होता. पाण्यात उतरायला भिणाऱ्याला मांडवीच्या पुलावरून ढकलायचं आणि वर म्हणायचं पोहायला शिक. एवढी वर्षं हे काम करतेय, तरी ‘काहीतरी कर’ हा सल्ला तोंडातून पटकन निसटतोच.

तो परत आला तेव्हा आधी मी माफी मागितली. मग विषय हलका करावा म्हणून मी त्याला आबे फारियाची गोष्ट सांगितली. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला तो पुतळा आहे ना, झग्यातला माणूस हात पुढे करून उभा आणि समोर बाई कलंडलेली, तोच. कांदोळीचा, जन्म 1756चा, आणि संमोहन हे संमोहन करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या शक्तीने होत नाही, ज्याच्यावर होतं त्याच्याच मनातून होतं, असं सांगणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक, म्हणजे आमच्या धंद्यातला पूर्वजच म्हणायचा. त्याची गोष्ट अशी सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि एवढी बडी बडी माणसं बघून जीभच टाळ्याला चिकटली. बाप तिथेच होता. तो खालून हळूच कोकणीत म्हणाला, ही सगळी भाजी रे, कातर रे भाजी! आणि पोरगा सुटला तो थांबलाच नाही.

मला वाटलं हसेल. तो खिडकीकडे बघत राहिला, बाहेर पाऊस धो धो, आणि मग म्हणाला,

“त्याच्या बापाने निदान खालून सांगितलं तरी. माझे पपा सात वर्षं काही बोललेच नाहीत.”

तेव्हा कुठे मी ती डायरी नीट हातात घेतली. पहिली अडीच महिन्यांची पानं त्याची नव्हतीच. वेगळं अक्षर, मोठं, तिरकं. 9 जानेवारी, 5 ट्रिप, डिझेल, टायर पंक्चर. 14 मार्च, 6 ट्रिप. आणि मग ते अक्षर संपलं. वडिलांचा खनिजाचा ट्रक होता, दुसरा, कर्ज काढून घेतलेला. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा पहिला विकला होता, परत सुरू झाल्यावर हा घेतला आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं, 16 मार्चपासून सगळं थांबलं. ट्रक अंगणात आला तो तिथेच राहिला. आईने त्याच्यावर दोडक्याचा वेल सोडलाय. ह्या पोराने पपांच्या डायरीत, पपा थांबले त्याच्या पुढच्या पानापासून लिहायला घेतलं होतं आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. डायरी कोरी होती म्हणून घेतली, एवढंच म्हणाला.

खाणींनी नद्यांचं आणि शेतांचं काय केलं तेही मला माहीत आहे, त्याच्या डायरीत तेही होतं, त्यावरच तर त्याचं आणि पपांचं एकदा भांडण झालेलं आणि तेव्हापासून जेवणाच्या ताटावर फक्त ‘मीठ दे’. तो वाद इथे सोडवायचा नाही.

मी त्याला एकच काम दिलं. नवीन काही लिहायचं नाही, जुन्या प्रत्येक पानावर वर एक नाव टाकायचं, हे मला नक्की कुणाला सांगायचंय. ‘समाज’, ‘सरकार’, ‘सिस्टिम’ चालणार नाही, ज्याला तोंड आणि कान आहेत असं माणूस पाहिजे. त्या अर्ध्या तिकिटवाल्यांचंही तसंच की, ‘समाज बदला’ असं म्हणत कुणी सुरुवात केली नव्हती, तिकिटाचे पैसे, किती आणि कुणी कमी करायचे, एवढं ठरलेलं होतं. तो म्हणाला, मॅडम, हे फार छोटं नाही का वाटत? मी म्हटलं, वाटू दे.

पुढच्या आठवड्यात आला. 41 पानं. 6 गाइडच्या नावाची, म्हणजे मॅडमना सांगायचं होतं की मला इंग्रजीत लिहायला दुप्पट वेळ लागतो. 3 पंच मेंबरच्या नावाची, त्यातल्या एका पानाचं सगळं तत्त्वज्ञान उकरून काढल्यावर खाली एवढंच निघालं की बसस्टॉपवरचा दिवा बंद आहे आणि बहीण संध्याकाळी तिथे उतरते. 2 स्वतःच्या नावाची. एक माझ्या नावाचं होतं, ते सीआरचं, त्यात काय होतं ते मी इथे सांगणार नाही, योग्यच होतं. उरलेली 29 पपांची.

सगळ्यात सोपं आधी घेतलं. गाइडना त्याने मराठीत मेसेज टाकला, त्यांनी लगेच बोलावलं आणि पहिला ड्राफ्ट मराठीत लिही, मग इंग्रजी करू असं म्हणाल्या, दहा मिनिटांत विषय संपला, ज्यावर ह्याने 6 पानं घातली होती. रविवारच्या ग्रामसभेत तो शेवटच्या ओळीत बसला, दिव्याचं बोलायला उठलाच नाही, पण संपल्यावर बाहेर पंचाला गाठून कागद हातात दिला. दिवा अजून लागलेला नाही, शेवटचं ऐकलं तेव्हा तरी. तो दर सोमवारी फोन करतो.

पपांचं अवघड होतं. आम्ही त्यावर दोन भेटी बोललो, काय म्हणायचं, कधी म्हणायचं, आणि मीच त्याला म्हटलं की 29 पानं वाचून दाखवू नकोस, भाषण होईल. शेवटी त्याने जे केलं ते आम्ही ठरवलेलं नव्हतंच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट) बांधायची होती, पपा ट्रकवरच्या वेलाचे दोडके काढायला चढले आणि हा खाली पिशवी धरून उभा. तेव्हा ह्याने विचारलं, “14 मार्चला 6 ट्रिप, मग 15 ला काहीच नाही लिहिलंत. 15 ला काय झालं?”

पपा म्हणे बराच वेळ वर तसेच बसून राहिले, हातात दोडका. मग टपावर बसूनच सांगायला लागले. 15 ला पण 6 ट्रिप मारल्या होत्या. रात्री लिहायला बसले आणि लिहिलं नाही. अंधार पडेपर्यंत बोलत होते, आईने खालून दोनदा हाक मारली, माटोळी राहिलीय म्हणून.

चतुर्थीनंतर तो आला तेव्हा डायरी आणली नव्हती. विचारलं तर म्हणाला पपांकडे आहे, वाचतायत, मधेमधे खुणा करतात. नेतृत्वाच्या पानावर काहीच लिहिलं नाही, पण त्याने 2012 चं साल चुकवलं होतं ते खोडून बरोबर केलं, आणि 15 मार्चच्या पानावर त्या मोठ्या तिरक्या अक्षरात ‘6 ट्रिप’.