मुदत तुमच्या पहिल्याच अर्जात लिहिलेली आहे

खेड तालुक्यातील रासायनिक वसाहतीलगतच्या एका वाडीतून एका वाचकांनी विचारले आहे की, कारखान्यातून रात्री सुटणाऱ्या वायूमुळे आईला दमा जडला, ४ जानेवारी २०२२ पासून ग्रामपंचायत, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे अकरा अर्ज करून झाले, तर आता भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात लावावा का. महाडपासून लोट्यापर्यंतच्या पट्ट्यातून अशी पत्रे मला नेहमी येतात, म्हणून वायू आणि दमा यांचे सर्वसाधारण विवेचन येथे करत नाही.

दिवाणी न्यायालयाचा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम २९ ने बंद केला आहे. अर्ज कलम १५ खाली या न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे करावा लागेल, आणि त्या कलमातील मुदतीची तरतूदच तुमच्या प्रकरणाचा निकाल लावणार आहे. भरपाई मागण्याचे कारण ज्या दिवशी प्रथम उद्भवले त्या दिवसापासून पाच वर्षे, आणि विलंबाचे पुरेसे कारण दाखवता आले तर आणखी साठ दिवस, एवढीच ही मुदत आहे. अकरावा अर्ज दिला म्हणून ती नव्याने सुरू होत नाही.

तुम्ही मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून मोजून जानेवारी २०२७ पर्यंत निर्धास्त आहात. तो अर्ज तुम्हीच पत्रासोबत पाठवला आहे, आणि त्याच्या दुसऱ्याच ओळीत ‘गेल्या गणपतीपासून आईस श्वास घेण्यास त्रास होत आहे’ असे लिहिले आहे. २०२१ साली गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती. कारखान्याचे वकील हीच ओळ वाचून दाखवतील, आणि तुमचे जवळजवळ चार महिने तुमच्याच सहीने जातील. दम्याचे निदान नंतर झाले म्हणून कारणही नंतर उद्भवले, किंवा वायू अद्याप सुटतो म्हणून कारण रोज नव्याने उद्भवते, असा युक्तिवाद करता येतो; मीही तो करीन, परंतु त्याच्या भरवशावर अर्ज एक दिवसही लांबवणार नाही. १० सप्टेंबर २०२६ हीच शेवटची तारीख समजा. कलम १४ खालच्या, म्हणजे पर्यावरणाच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच्या, वादाला तर सहाच महिन्यांची मुदत होती, आणि ती तुम्ही पोचपावत्या जमवण्यात घालवली.

अर्ज आईच्या नावे असावा. इजेच्या भरपाईचा अर्ज इजा झालेल्या व्यक्तीने किंवा तिने रीतसर अधिकार दिलेल्या प्रतिनिधीने करावा, हे उत्तम. मुलगा असणे हे अधिकारपत्र नव्हे.

सुरुवातीचे केसपेपर पावसात भिजून गेले, असे तुम्ही एका वाक्यात लिहून मोकळे झाला आहात. दाखल रुग्णांच्या नोंदीसुद्धा डॉक्टरांनी तीन वर्षेच जपायच्या असतात, तेव्हा त्या आता मिळतीलच असे नाही. तरी प्रत मागा, आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घेऊन डॉक्टरांकडून त्रास कधीपासून, कोणत्या वेळी, वाडीबाहेर गेल्यावर कमी होतो का, हे लिहून घ्या.

‘हवा मानकांच्या आत आहे’ या मंडळाच्या उत्तराने खचून जाऊ नका. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बाराच प्रदूषक आहेत. त्यांत बेंझीन आहे, परंतु टोल्युईन किंवा हायड्रोजन क्लोराइड नाही. तुमची वाडी वसाहतीच्या पश्चिमेला आहे. दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहत असताना घेतलेला नमुना, रात्री जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्याबरोबर वाडीत काय उतरते, हे कसे सांगणार? नमुना कोणत्या दिवशी, किती वाजता, वाऱ्याची दिशा कोणती असताना घेतला आणि त्यात काय काय मोजले, हे माहिती अधिकारात विचारा. कारखान्याच्या संमतीपत्राची (मंडळाने कारखाना चालवण्यास दिलेल्या परवानगीची) प्रतही त्याच अर्जात मागा. घरी एक वही ठेवून वासाची वेळ आणि आईला पंप किती वेळा लागला, याची रोज नोंद करा.

भरपाई किती मिळेल, हे कागद पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये. अपघाताच्या बाबतीत कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही, असे कलम १७ म्हणते. वर्षानुवर्षे झिरपणारा वायू त्यात बसवणे मात्र सोपे नाही. अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायद्यात लिहिले आहे, पण त्यावर विसंबून घरखर्चाचा हिशेब मांडू नका.

माहिती अधिकाराच्या उत्तराला तीस दिवस तरी जातील. त्यासाठी न्यायाधिकरणापुढचा मूळ अर्ज अडवून ठेवू नका. ते उत्तर परवानगी घेऊन मागाहून जोडता येईल.